फटाके थांबल्यानंतर लेंड्या मोजा

वाचकाचे पत्र: आम्ही डोंबिवलीत तिसऱ्या मजल्यावर राहतो. आमच्याकडे दोन ससे होते, पांढरी, लाल डोळ्यांची लोणी आणि तपकिरी जायफळ. त्यांचा पिंजरा गॅलरीत असतो. गेल्या लक्ष्मीपूजनाच्या रात्री सोसायटीच्या आवारात दहा हजारांची माळ लावली गेली आणि लोणी पिंजऱ्यात सैरावैरा धावत जाळीवर आपटू लागली. सासूबाईंनी तिला बाहेर काढून पदराखाली घट्ट धरून ठेवले, तेव्हा ती निपचित झाली. पाडव्याचा सगळा दिवस ती कोपऱ्यात बसून होती. आम्हाला वाटले, घाबरली आहे, सावरेल. भाऊबीजेच्या सकाळी ती गेली. सगळे म्हणाले, हार्ट अटॅक आला असेल. जायफळला सोबत म्हणून यंदा श्रावणात अडीच महिन्यांची चिंगी आणली आहे. दिवाळीला अजून महिनाभर आहे. त्यांच्या कानांत कापूस घालावा का? यजमानांचे एक मित्र आपल्या लॅब्रॅडॉरला दिवाळीत झोपेची गोळी देतात, तिचा चतकोर तुकडा द्यावा का? लोणीला आपणच नीट सांभाळले नाही, असे सासूबाईंच्या मनाने घेतले आहे.

सप्रेम नमस्कार.

आपल्या प्रश्नांची उत्तरे थोडक्यात द्यायची तर कापूस नको, गोळी नको, आणि सासूबाईंनी स्वतःला दोष देण्याचे कारण नाही. परंतु ‘हार्ट अटॅक’ या शब्दापाशी मला थोडे थांबावेसे वाटते, कारण लोणी कशाने गेली असावी हे ध्यानात आले, तरच यंदा नेमके काय सांभाळायचे ते ठरवता येईल.

ससा भीतीने जागच्या जागी मरू शकतो, हे खरे आहे. मात्र तसे झाले असते, तर बहुधा ते त्याच रात्री झाले असते. लोणी तिसऱ्या दिवशी सकाळी गेली, आणि मधला सबंध पाडवा ती कोपऱ्यात बसून होती. त्या दिवशी तिने काही खाल्ले का, पिंजऱ्याखालच्या ट्रेमध्ये लेंड्या पडल्या होत्या का, याचा आपल्या पत्रात उल्लेख नाही, आणि सणाच्या गडबडीत तिकडे कोणाचे लक्ष गेले नसेल, तर त्यात नवल नाही. शवविच्छेदन झालेले नसल्यामुळे मी ठामपणे काही सांगू शकत नाही, जाळीवर आपटल्याने आत मार बसला असण्याचीही शक्यता आहे, पण माझा पहिला संशय हृदयावर नसून पोटावर आहे.

सशाचे पोट दिवसरात्र थोडे थोडे गवत आत येत राहावे आणि लेंड्या बाहेर पडत राहाव्यात, अशा रीतीनेच घडलेले असते. धडधाकट मोठा ससा दिवसाला साधारण दोनशे ते तीनशे लेंड्या टाकतो. जोराची भीती वाटली की शरीर सगळी शक्ती पळण्याकडे वळवते आणि आतड्यांची हालचाल मंदावते. माणसाचे असे झाले, तर तासाभरात भूक परत येते, पण सशाच्या बाबतीत आतडे एकदा रेंगाळले की आतले अन्न कोरडे पडून साचते, वायू धरतो, पोट दुखू लागते, दुखते म्हणून ससा खात नाही आणि खात नाही म्हणून आतडे आणखी मंदावते. त्यातच सशाला उलटी करता येत नाही, त्यामुळे आत अडकलेले वरच्या वाटेने बाहेर टाकण्याची सोयही निसर्गाने त्याला ठेवलेली नाही. हे सारे चालू असताना तो ओरडत नाही, विव्हळत नाही, नुसता गप्प बसतो. शिकार होणाऱ्या प्राण्याने दुखणे दाखवले, तर ते मारणाऱ्याच्या आधी डोळ्यांत भरते, म्हणून लपवण्याची ही सवय त्याच्या रक्तातच आहे. बारा तास ससा काहीही खात नसेल किंवा त्याने लेंड्या टाकल्या नसतील, तर ती डॉक्टरांकडे धाव घेण्याची वेळ असते. ‘उद्या बघू’ म्हणण्याइतका अवधी त्यात नसतो, आणि माझ्या दवाखान्यात दिवाळीनंतर येणारे बहुतेक ससे हे ‘उद्या बघू’ म्हणून ठेवलेलेच असतात.

आपल्या सणाच्या वेळाही या प्राण्याला नेमक्या अडचणीच्या आहेत. ससा भर दुपारी आणि मध्यरात्री पुष्कळसा विसावतो. त्याचे खाणे, बागडणे, अंग चाटणे हे सगळे प्रामुख्याने पहाटे आणि तिन्हीसांजेला चालते. आपण फटाके लावतो ते लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी, आणि नरकचतुर्दशीला तर वाड्यात-सोसायटीत पहिला फटाका कोणाचा, या चुरशीपायी अभ्यंगस्नानाच्याही आधी. म्हणजे त्याच्या जेवणाच्या दोन्ही वेळा आपण बरोबर साधतो. चार-पाच दिवस सकाळ-संध्याकाळचे खाणे असे मोडले, तर एकही मोठा दचका न बसता नुसत्या कमी खाण्यानेही पोट बिघडू शकते. म्हणून दिवाळीत सशाला शांत ठेवणे म्हणजे मुख्यतः त्याला खाते ठेवणे, असे मी समजते. पुढे जे सांगणार आहे, ते सगळे त्यासाठीच आहे.

आता मांडीवर घेण्याविषयी, कारण ते सासूबाईंपर्यंत पोचायला हवे. मांजराला किंवा कुत्र्याला कुशीत घेतले की त्याला आधार वाटतो, ससा मात्र जमिनीवरून उचलला गेला की त्याच्या लेखी त्याला कोणीतरी पकडलेले असते. घट्ट धरल्यावर तो निपचित पडतो, उताणा केल्यावर तर पुतळ्यासारखा होतो, आणि आपल्याला वाटते की तो निवांत झाला. ती निवांतता नसते. शिकाऱ्याच्या जबड्यात सापडल्यावर मेल्याचे सोंग आणण्याची जी शेवटची युक्ती निसर्गाने त्याला दिली आहे, तीच असते, आणि आत त्याचे काळीज धडधडत असते. दुसरा धोका हाडांचा आहे. सशाचा सांगाडा त्याच्या वजनाच्या जेमतेम सात-आठ टक्के भरतो, मागच्या पायांचे स्नायू मात्र भलतेच जोरदार असतात. हातात धरलेल्या सशाने फटाक्याच्या आवाजासरशी पाय झाडले, तर त्या झटक्याने त्याच्याच कमरेचा मणका मोडू शकतो. सासूबाईंनी जे केले ते मायेपोटी केले, आणि शंभरातल्या नव्वद घरांत तेच केले गेले असते. यंदा त्यांनी सशाला उचलण्याऐवजी त्याच्या शेजारी जमिनीवर बसावे, हवे तर हळू आवाजात त्यांची नेहमीची स्तोत्रे म्हणावीत, आणि ससा आपणहून जवळ आला, तर दोन बोटांनी कपाळ चोळावे. ओळखीचा आवाज आणि ओळखीचा वास यांचा सशाला खरोखर उपयोग होतो.

गॅलरीतला पिंजरा आजच आत घ्या. आयत्या वेळी, म्हणजे धनत्रयोदशीच्या संध्याकाळी, नव्या जागी हलवले तर आवाजाच्या भीतीत परक्या जागेच्या भीतीची भर पडते. आपल्या हाती महिना आहे, तेवढ्यात घरातली रस्त्यापासून आणि सोसायटीच्या आवारापासून सर्वांत लांबची खोली निवडा. खिडकी एकच असलेली, शक्यतो आतली, मग ती लहान असली तरी चालेल. सशाचे कान माणसाला ऐकू न येणारे पुष्कळ उंच स्वर टिपतात, आपल्याला वीस किलोहर्ट्झपर्यंत ऐकू येते तर त्याला सुमारे बेचाळीसपर्यंत, त्यामुळे आपल्याला सौम्य वाटणारी भुईनळ्याची शिट्टीही त्याला बोचत असणार. फटाक्याचा दणका तो कानांखेरीज तळपायांनीही ऐकतो. म्हणून गुळगुळीत फरशीवर जाडशी सतरंजी, तिच्यावर एखादी जुनी गोधडी, असे अंथरा. पाय घसरत नाहीत आणि हादराही मऊ पडतो. खिडकीला जाड चादर किंवा दुहेरी पडदा लावा. तो आवाजापेक्षा झगमगाटासाठी अधिक हवा, कारण ससा डोके न वळवता जवळजवळ चहूबाजूंचे पाहतो आणि आकाशातला प्रत्येक लखलखाट त्याच्या डोळ्यांत शिरतो. लोणीसारख्या लाल डोळ्यांच्या सशांना तर प्रखर उजेडाचा आणखीनच त्रास होतो.

त्या खोलीत लपण्याची जागा हवी, आणि ती महागडी असण्याची काही गरज नाही. किराण्याच्या दुकानातून पुठ्ठ्याचे एक मोठे खोके आणा, त्यावरची चिकटपट्टी आणि पिना काढून टाका, आणि त्याला दोन दारे कापा. दोन अशासाठी की, बिळाला एकच तोंड असले तर आत कोंडून घातले जाण्याचे भय राहते आणि घाबरलेला ससा त्यात शिरतच नाही. दोन ससे असल्यामुळे खोकी दोन ठेवा. वर जुने ब्लँकेट टाका, पण दारे उघडी राहू द्या. पिंजरा ठेवायचाच असेल, तर त्याचे दार उघडे ठेवून तो खोलीत ठेवा. बंद पिंजऱ्यात धावायला जागा नसते आणि जाळीत नखे व पाय अडकतात, हे आपण पाहिलेच आहे.

खोली बंद करताना उकाड्याचा विचार मात्र आधी करावा लागेल. दिवाळी ऑक्टोबरात आली, तर आपल्याकडे ऑक्टोबर हीटचा तडाखा ऐन भरात असतो. सशाला घाम येत नाही, तो अंगातली उष्णता बरीचशी कानांवाटे बाहेर टाकतो, आणि तापमान तीस अंशांच्या आसपास गेले की त्याला उष्माघाताची भीती असते. दारे-खिडक्या बंद, जाड पडदे आणि पंखा बंद, असे केलेत, तर फटाक्यांपासून वाचवलेला ससा उकाड्याने हातचा जाईल. पंखा चालू ठेवा, एसी असेल तर सव्वीसच्या जवळपास लावा, नसेल तर पाण्याची बाटली बर्फ होईपर्यंत गोठवून टॉवेलात गुंडाळून खोक्याशेजारी ठेवा. पंख्याच्या घरघरीचा दुसरा फायदा असा की, ती बाहेरचा अचानक दणका थोडा बोथट करते. रेडिओ किंवा टीव्ही मंद आवाजात लावला तरी तोच परिणाम होतो, पण तो आजपासून रोज संध्याकाळी तासभर लावत चला, म्हणजे तो आवाज ओळखीचा होईल. फटाक्यांचे ध्वनिमुद्रण ऐकवून सवय लावण्याचा सल्ला आपल्याला कोणी देईल. महिनाभर, अगदी कानोसा घ्यावा लागेल इतक्या बारीक आवाजापासून सुरुवात करून, ससा खात असतानाच ते करणार असाल तर जरूर करा. घाईने आवाज वाढवणार असाल, तर सवयीऐवजी धास्तीच लागेल, म्हणून मग न केलेले बरे.

धुराकडेही लक्ष हवे. ससा नाकानेच श्वास घेतो, तोंडाने घेणे त्याला जवळजवळ जमत नाही, आणि तोंड उघडून श्वास घेणारा ससा दिसला तर तो अत्यवस्थ आहे असे समजावे. त्या खोलीत धूप, उदबत्ती, डासांची कॉइल यांपैकी काहीही लावू नका. आणखी एक गोष्ट दिवाळीतच घडते, ती म्हणजे विजेच्या माळा. जमिनीवरून गेलेली बारीक वायर सशाला मुळासारखी वाटते आणि ती तो क्षणात कुरतडतो. त्याच्या खोलीत माळ, पणती, मोबाईलचा चार्जर, काहीच पोचेल असे ठेवू नका.

खाण्याच्या बाबतीत एकच धोरण ठेवा: या पाच दिवसांत नवे काहीही नाही. वाळलेले गवत दिवसरात्र समोर असलेच पाहिजे, कारण त्याच्या आहाराचा चार-पंचमांशाहून अधिक भाग गवतच असायला हवा. ताजी हरळी मिळत असेल तर उत्तम. गणपतीत आपण ज्याच्या जुड्या विकत घेतो ती दूर्वा हीच, फक्त फवारणी केलेली नको आणि स्वच्छ धुतलेली हवी. लसूणघास वाढत्या वयाच्या चिंगीला चालेल, जायफळला मात्र रोज देऊ नका, त्यात चुना (कॅल्शियम) आणि प्रथिने फार असतात. फटाके सुरू होण्याच्या तासभर आधी, म्हणजे संध्याकाळी सहाच्या सुमारास आणि नरकचतुर्दशीला पहाटे गजर लावून चारच्या सुमारास, त्यांची आवडती कोथिंबीर किंवा पुदिना द्या, म्हणजे आवाज सुरू होण्यापूर्वी पोटात काहीतरी गेलेले असेल. घरातल्या आणि शेजारच्या मुलांना आधीच बजावून ठेवा की, लक्ष्मीपूजनाच्या लाह्या-बत्तासे, शंकरपाळी, चिवडा यांतले सशाला काही भरवायचे नाही. पिष्ट आणि साखर पोटात गेली की आतड्यातले उपयोगी जिवाणू बिघडतात, आणि आधीच मंदावलेल्या पोटावर हा दुसरा घाव बसतो. पाण्यासाठी बाटलीबरोबर एक जड वाडगेही ठेवा. घाबरलेला ससा बाटलीची नळी चोखत बसत नाही, पण वाडग्यातले पाणी पितो.

प्रत्यक्ष त्या रात्री काय दिसेल, हे आधी माहीत असलेले बरे. जायफळ मागचे पाय जमिनीवर आपटेल. तो इतरांना दिलेला इशारा असतो आणि तो ऐकून चिंगीही घाबरेल, पण त्याला रागावू नका. कान पाठीला चिकटलेले, डोळे वटारलेले, अंगाचा गोळा, असा तो बसला असेल, तर त्याला हलवू नका, खोक्यातून ओढून बाहेर काढू नका. लहानपणी आपण सगळ्यांनी ऐकलेल्या गोष्टीत पाठीवर पान पडले म्हणून ‘आभाळ कोसळले’ असे ओरडत पळणाऱ्या सशाला हसतात. मला त्या सशाची बाजू नेहमी पटते. प्रत्येक वेळी मागे वळून ‘पानच आहे ना’ याची खात्री करत बसणारे ससे कोल्ह्यांनी केव्हाच खाल्ले असतील.

फटाके थांबल्यावर आपले खरे काम सुरू होते. संध्याकाळी खोलीत पांढरा कागद किंवा वर्तमानपत्र अंथरून ठेवा आणि झोपण्यापूर्वी व उठल्याबरोबर त्यावरच्या लेंड्या पाहा. अगदी एक-एक मोजायला हव्यात असे नाही, पण रोज किती पडतात याचा अंदाज या महिन्यातच घेऊन ठेवा, म्हणजे त्या निम्म्यावर आल्या, बारीक किंवा वेड्यावाकड्या झाल्या, तर लगेच कळेल. मग कोथिंबिरीची एक काडी नाकासमोर धरा. एरवी तुटून पडणारा ससा तिच्याकडे पाहून तोंड फिरवतो, तेव्हा घड्याळ पाहून वेळ लिहून ठेवा. त्याबरोबरच तो दातांवर दात जोराने करकरत असेल, पोट फुगून टणक लागत असेल किंवा कान थंडगार पडले असतील, तर बारा तासांचीही वाट पाहू नका. कान व अंग थंड लागत असल्यास कोमट पाण्याची बाटली फडक्यात गुंडाळून शेजारी ठेवा आणि निघा. पोट फुगलेले असताना तोंडात सिरिंजने काही भरवू नका. आत अडथळा असेल तर त्याने नुकसान होते. डॉक्टरांकडे नेताना दोघांनाही एकाच पेटीत न्या, जोडीदार सोबत असला की सशाला धीर राहतो.

कोणत्या डॉक्टरांकडे न्यायचे, हे आत्ताच ठरवा. आमच्यापैकी पुष्कळांचा हात कुत्र्या-मांजरांवर किंवा गाई-म्हशींवर बसलेला असतो आणि सशांची सवय असलेले थोडेच असतात. जवळच्या दवाखान्यात फोन करून ‘आपण ससे पाहता का, आणि लक्ष्मीपूजन ते भाऊबीज दवाखाना कोणत्या वेळी उघडा असतो’ एवढे विचारून ठेवा. परळला मुंबई पशुवैद्यकीय महाविद्यालय आणि लोक ज्याला बैलघोडा हॉस्पिटल म्हणतात ते बाई साकराबाई दिनशा पेटिट रुग्णालय आहे, पण सणाच्या दिवसांतल्या तिथल्या वेळाही आधी विचारून घ्या; डोंबिवलीहून परळ काही हाकेच्या अंतरावर नाही. कोणी अॅमॉक्सिसिलिन तोंडावाटे द्यायला सांगितले, तर देऊ नका. माणसांच्या घरात सर्रास असणारे हे औषध सशाच्या आतड्यातले जिवाणू मारून त्याचा जीव घेऊ शकते.

हेच त्या झोपेच्या गोळीविषयी. तीस किलोच्या लॅब्रॅडॉरची एक गोळी धरली, तर दोन किलोच्या सशाला वजनाच्या हिशेबाने तिचा पंधरावा भाग येतो. चतकोर तुकडा म्हणजे त्याच्या जवळजवळ चौपट. शिवाय काही गोळ्या अंग सुस्त करतात, पण भीती तशीच ठेवतात. पळता येत नाही आणि आवाज तर ऐकू येतो, अशी ती अवस्था असते. फारच भेदरणाऱ्या सशाला औषध द्यावे लागते, पण ते त्याला तपासून, वजन करून, त्याच्यासाठीच लिहून दिलेले असावे. कापसाचे म्हणाल, तर सशाच्या कानाची नळी खोल आणि वाकडी असते, बोळा आत सरकतो आणि तो काढण्यासाठी ससा नखांनी कान ओरबाडतो. दणका तळपायांना तर जाणवतच राहतो.

चिंगीबद्दल आपण विचारलेले नाही, पण मला ते विचारले पाहिजे. श्रावणात ती अडीच महिन्यांची होती, म्हणजे दिवाळीपर्यंत ती वयात आलेली असेल किंवा येण्याच्या बेतात असेल. विकणारे पुष्कळदा नर-मादीही चुकीचे सांगतात. जायफळ नर असून त्याचे खच्चीकरण झालेले नसेल, तर ऐन दिवाळीत चिंगी गाभण असू शकेल. गर्भकाळ जेमतेम एकतीस दिवसांचा असतो, आणि पिले झाल्यावर घाबरलेली आई त्यांना टाकून देते, प्रसंगी मारूनही टाकते. म्हणून या आठवड्यातच दोघांना दाखवून घ्या. शस्त्रक्रिया करायची ठरली, तर ती एक तर लगेच करा किंवा दिवाळी उलटल्यावर करा, मधल्या दिवसांत नको. आणि नर त्यानंतरही काही आठवडे पिले देऊ शकतो, तेव्हा तोवर मध्ये जाळी लावून दोघांना शेजारीशेजारी, एकमेकांचा वास येईल असे ठेवा.

राहता राहिली सोसायटी. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली दिवाळीत फटाक्यांना रात्री ८ ते १० एवढीच वेळ ठरवून दिली आणि लडींवर, म्हणजे माळांवर, बंदी घातली, म्हणजे ती दहा हजारांची माळ मुळातच बेकायदा होती. नियमाप्रमाणे फुटणाऱ्या फटाक्याचा आवाजही चार मीटरवर १२५ डेसिबलपर्यंत चालतो. नागपूरच्या नीरी या पर्यावरण संशोधन संस्थेच्या पुढाकाराने तयार झालेल्या हरित फटाक्यांनी धूर कमी होतो, ते मुके मात्र नसतात. हे सचिवांना जरूर सांगा आणि वेळ पडली तर पोलिसांना बोलावण्यासाठी ११२ हा क्रमांक आहेच, पण माझा अनुभव असा की, नियमाच्या आधी विनंती पुढे करावी. फटाके आवारात आपल्या खिडकीच्या विरुद्ध टोकाला लावावेत आणि सुरू करण्यापूर्वी कोणी तरी एक फोन करावा, एवढे मागितले तर बहुतेक लोक ऐकतात, विशेषतः त्यांच्या मुलांना आपण एकदा घरी बोलावून जायफळ दाखवला असेल तर.

भाऊबीज झाली की खोली लगेच मोडू नका. तुळशीच्या लग्नाला पुन्हा फटाके वाजतील, आणि ती लग्ने कार्तिकी पौर्णिमेपर्यंत एकेका घरी होत राहतात. तोवर खोके, सतरंजी आणि पडदे तसेच राहू द्या, आणि सकाळ-संध्याकाळ कागद पाहण्याचे काम, त्यांची तयारी असेल तर, सासूबाईंकडे द्या.